नोव्हायमधले टाळीवाले

माझ्या नवऱ्याने बाई ठेवली नाही, एक फ्रेंच कवी ठेवला. एकोणिसाव्या शतकातला, दाढीवाला, नाटकंही लिहिणारा, मरून शंभराहून जास्त वर्षं झालेला. सवत असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, पण मेलेल्या माणसाचं काय करता? त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. देवनागरीत ते कसंही लिहिलं तरी नवरा म्हणणार, चुकलं. शिवाय आमच्या घरात त्याला नावाने कोणी हाक मारतही नाही. मी त्याला पाव्हणा म्हणते. एकदा आला तो हलायचं नाव घेईना.

मी पॅथॉलॉजिस्ट, आता रिटायर झालेली. माहेर नागपूरचं, नवरा पुण्याचा, त्यामुळे आमच्या घरी मोठ्याने बोलायचं खातं माझ्याकडे आणि शुद्ध बोलायचं त्याच्याकडे. मी त्याला अरे-तुरे करते, ते सासूबाईंना शेवटपर्यंत रुचलं नाही. आम्ही मिशिगनात नोव्हायला आलो तेव्हा इथे मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. आता ग्रोसरीत भेंडी निवडताना चार जणी ओळखीच्या भेटतात. नवऱ्याने जन्मभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले. फ्रेंच शिकला तो कॉलेजात असताना, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन, आणि तेही जर्मनचा वर्ग भरला होता म्हणून. तिथल्या बाईंनी पाव्हण्याची एक कविता फळ्यावर लिहिली आणि स्वारीचं डोकं फिरलं.

नोकरी होती तोवर हे वेड शनिवार-रविवारपुरतं होतं. रिटायर झाला आणि बेसमेंटमध्ये टेबल टाकून बसला. पाव्हण्याचं एक पद्यनाटक मराठीत आणायचं, तेही पद्यातच. सहा वर्षं लागली. सहा वर्षांत पोरं डॉक्टर होतात हो! मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "डॉक्टर खूप आहेत." समोर बसलेली बायको डॉक्टर आहे हे त्याच्या लक्षातही नव्हतं.

आणि जेवताना रोज पाव्हण्याचं चरित्र. पाव्हणा म्हणे समुद्रकाठच्या एका लहान गावातला. बापाला वाटत होतं पोराने वकील व्हावं. पोरगा पॅरिसला पळाला, दिवसा एका सरकारी कचेरीत पत्रांच्या नकला करायचा आणि उरलेल्या वेळात कविता लिहायचा. एक बारकंसं पुस्तक निघालं, ते मित्रांनीसुद्धा वाचलं नाही. मग नाटकं. एक नाटक कसंबसं एका थिएटरने घेतलं, आणि तिथेच त्याचं वाटोळं झालं.

त्या काळी पॅरिसच्या थिएटरांत भाड्याचे टाळीवाले असत. नवरा हे सांगायला लागला की घास हातातच राहायचा. टाळीवाल्यांचा एक म्होरक्या असे. तो आधी नाटक समजून घ्यायचा, कुठे टाळी, कुठे हशा, कुठे हुंदका ते ठरवायचा, आणि खेळाच्या वेळी खाली मधोमध बसून आपल्या माणसांना खूण करायचा. काही जण नुसते हसायला, काही बाया रुमाल घेऊन रडायला. मोठमोठे लेखक ही माणसं घ्यायचे आणि त्यात कुणाला लाज नव्हती. पाव्हण्याने मात्र नकार दिला. टाळी मिळायची तर खरी मिळेल, नाहीतर नको. मग व्हायचं तेच झालं. पहिल्याच खेळाला वरच्या गॅलरीतून शिट्ट्या, खाली सामसूम, आणि आठवड्याच्या आत नाटक बंद. पुढे कित्येक वर्षं तो शाळेत पोरांना व्याकरण शिकवत राहिला. अगदी म्हातारपणी दोन-चार तरुण कवी त्याचा पत्ता शोधत जिने चढून आले, तेवढंच.

"केवढा मानी माणूस!" नवरा म्हणायचा.

"केवढा मूर्ख," मी म्हणायचे. "भात वाढू?"

मी अशी आहे. माझ्या जिभेला हाड नाही हे मला लहानपणापासून सगळे सांगत आलेत आणि मला त्याचा थोडा अभिमानच होता. सर्जनला तोंडावर सांगायचे की तुमचं सँपल बेकार आहे. लॅबमध्ये पोरी माझ्यामागे रडायच्या. घरी रडणारं कोणी नव्हतं, नवरा फक्त गप्प व्हायचा. एकदा मी त्याला म्हटलं होतं, "तुझ्या पाव्हण्याला त्याच्या स्वतःच्या भाषेत कोणी विचारलं नाही, आणि तू त्याला नोव्हायमध्ये खपवायला निघालास!" तो उठून बेसमेंटमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा पाव्हणा सुरू. जित्याची खोड, दुसरं काय.

आता त्या नाटकाबद्दल सांगते, कारण ते वाईट नव्हतं. हे मी आज लिहितेय. त्याला तेव्हा सांगितलं नाही.

एक म्हातारा जहाज बांधणारा असतो. त्याने बांधलेलं जहाज गावातल्या माणसांसकट बुडालंय. गावकरी दाराशी येऊन उभे आहेत आणि तो दार उघडत नाही. आत त्याची मुलगी आहे, ती म्हणते, उघडा. तो म्हणतो, लाकूड चांगलं होतं, खिळे चांगले होते, माप मी तीनदा घेतलं होतं. बस, तासभर एवढंच. बाहेरून दार वाजतं, आत बाप आणि मुलगी. शेवटी म्हातारा एक मोठं स्वगत म्हणतो आणि दार उघडतो.

नवरा त्या नाटकाला का चिकटला होता हे पृथ्वीवर दोन माणसांना माहीत होतं, मी आणि त्याच्या प्लांटमधले एक काका. काका म्हणजे आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, नवऱ्याला नोकरीत हाताशी धरून शिकवणारे. बऱ्याच वर्षांपूर्वी यांच्या टीमच्या एका ब्रेकमध्ये दोष निघाला होता. गाड्या परत मागवाव्या लागल्या. त्याआधी एक अपघात झाला होता, एक बाई गेली होती. दोष नवऱ्याच्या ड्रॉइंगमध्ये नव्हता, चौकशीत ते सिद्ध झालं. पण तीन आठवडे तो धड जेवला नव्हता. आंघोळीला गेला की आतून माप पुटपुटताना ऐकू यायचं. म्हणजे ते स्वगत कुठून आलंय, मला कळत होतं. पॅरिसहून नक्कीच नाही.

नाटक लिहून झालं आणि नवऱ्याने ठरवलं की इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात ते करायचं. म्हातारा तो स्वतः करणार. मुलीच्या कामाला इथेच जन्मलेली एक तरुण मुलगी मिळाली. तिला देवनागरी वाचता येत नव्हतं, तर याने तिची सगळी वाक्यं इंग्रजी अक्षरांत लिहून दिली. पोरगी मेहनती. आमच्या बेसमेंटमध्ये येऊन 'काका, वन मोअर टाइम' म्हणत घोकत बसायची. गावकरी म्हणून बॅडमिंटनच्या ग्रुपमधले चार पुरुष, त्यांना फक्त दार वाजवायचं होतं.

मंडळाच्या कमिटीने वेळ दिली ती जेवणाच्या आधीची. ज्यांनी अमेरिकेतल्या मंडळाचा गणपती पाहिलाय त्यांना कळेल याचा अर्थ काय. कार्यक्रम शाळेच्या ऑडिटोरियममध्ये, जेवण शेजारच्या कॅफेटेरियात. पोरांचे नाच झालेले असतात, लेझीम झालेलं असतं, आयांचे व्हिडिओ काढून झालेले असतात. सहाचा सुमार. मसालेभाताचे ट्रे उघडले की वास आत येतो, आणि मग स्टेजवर कुणीही असो, एकेक कुटुंब वाकून वाकून बाहेर सटकतं, आधी लाइन धरायला. मागच्या वर्षी याच वेळेला एक शास्त्रीय गायिका बसली होती. तिने डोळे मिटून आलाप घेतला आणि उघडले तेव्हा समोर कमिटी उरली होती.

त्या वेळेला माझा नवरा पांढरी दाढी लावून पद्य म्हणणार!

आता मी जे केलं ते सांगते. ते प्रेमाने केलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण मला त्याची काळजी नव्हती, मला माझी लाज वाटत होती. रिकाम्या खुर्च्यांसमोर स्वगत म्हणणाऱ्या माणसाची बायको म्हणून मला मसालेभाताच्या लाइनमध्ये उभं राहायचं नव्हतं. "अगं, छान होतं हं, जरा हेवी होतं" असं कुणी खांद्यावर हात ठेवून म्हटलं असतं तर मी तो हात पिरगाळला असता.

तेव्हा मी फोन घेतला. नोव्हायमधलं एखादंच मराठी घर असेल जिथला रिपोर्ट मी पाहिलेला नाही. कुणाच्या गाठीचा, कुणाच्या सासऱ्यांच्या प्रोस्टेटचा. "मावशी, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय, जरा बघता?" दोन्ही वेळा मी बघितलेलं आहे, चांगलं निघालं तेव्हाही आणि वाईट निघालं तेव्हाही. कोणी मला नाही म्हणणं शक्य नव्हतं आणि मला ते पक्कं ठाऊक होतं. मी पंधरा-सोळा घरी फोन केले. सगळ्यांना एकच सांगितलं: नाटक चालू असताना उठायचं नाही, पोरांना आधीच काहीतरी खायला घाला. आणि शेवटी मी सीटवरून उठले की तुम्ही सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, मी थांबेपर्यंत थांबायचं नाही. माझी एक मैत्रीण लगेच रडते, तिला म्हटलं, तू पुढे बस.

"अगं पण नाटक चांगलं असेल तर आम्ही आपणहून वाजवूच की," ती म्हणाली.

"चांगलं असण्याची वाट कशाला बघायची?" मी म्हटलं.

हो, कल्पना मला पाव्हण्याच्या गोष्टीवरूनच सुचली. नवऱ्याने सहा वर्षं जेवताना जे डोक्यात भरलं त्यातलं मला एवढंच उपयोगी पडलं.

प्रयोग झाला. मी मधोमध बसले होते. पहिली दहा मिनिटं मी फक्त दाराकडे बघत होते, कोण उठतंय ते. कोणी उठलं नाही. मसालेभाताचा वास आला, एक बारकं पोर 'आय अ‍ॅम हंग्री' म्हणून ओरडलं, त्याच्या आईने माझ्याकडे बघत त्याच्या तोंडात बिस्कीट कोंबलं. मग माझं लक्ष स्टेजवर गेलं. त्या पोरीचे उच्चार अमेरिकन होते, पण ती 'बाबा, उघडा' म्हणायची तेव्हा ऑडिटोरियममध्ये कोणी खोकत नव्हतं. आणि मग नवऱ्याचं स्वगत आलं. तो माप सांगायला लागला. अमुक इतकी लांबी, अमुक इतकी रुंदी, तीनदा मोजलं, चौथ्यांदा मोजायला हवं होतं. आवाज तोच होता, बाथरूमच्या दारामागचा. मला रडू आलं. मी, जिने सासूबाई गेल्या तेव्हाही डोळ्यांतून पाणी काढलं नाही, ती मी पर्समध्ये टिश्यू शोधत होते.

त्यामुळे झालं असं की दार उघडलं, दिवे गेले आणि मी उठायचं विसरले. पहिल्या रांगेत कोणीतरी उभं राहिलं. ते प्लांटमधले काका होते. हातात काठी, कानांत मशीन, सून दंड धरून बसवायला बघतेय आणि हे उभे. त्यांना मी फोन केलेला नव्हता. त्यांचा रिपोर्टही कधी माझ्याकडे आला नव्हता. ते टाळ्या वाजवत नव्हते, काठी धरलेली होती ना, नुसते उभे होते. मग मी भानावर येऊन उठले आणि माझी फौज उठली. टाळ्या काय, छत उडेल असं वाटलं. ज्यांना फोन केला नव्हता तेही उठले, कारण एवढे लोक उभे राहिले की बसून राहणं बरं दिसत नाही.

नवरा स्टेजवर दाढी हातात घेऊन उभा होता. त्याचा चेहरा मी लग्नातही तसा पाहिला नव्हता.

पुढचे सात-आठ महिने आमच्या घरात एक सुखी माणूस राहत होता. सकाळी शीळ घालत चहा करायचा. स्वतःहून कपड्यांच्या घड्या घालायचा. आणि हळूहळू, काय सांगू, असह्य झाला. "आमच्या प्रयोगाच्या वेळी" असं वाक्य सुरू करायचा. भेटेल त्याला सांगायचा की लोकांना हलकंफुलकंच लागतं हा गैरसमज आहे, नोव्हायने ते खोटं ठरवलं. काका जानेवारीत आजारी पडले, तेव्हा हा रोज हॉस्पिटलमध्ये जाऊन बसायचा. फेब्रुवारीत ते गेले. घरी येऊन म्हणाला, "माझ्या नाटकाला ते सगळ्यात आधी उभे राहिले होते. तेवढं एक मला पुरे." मी म्हटलं, "हात धुऊन घे, हॉस्पिटलातून आलायस."

मग अ‍ॅशबर्नचं निघालं. आमची मुलगी तिकडे व्हर्जिनियात असते, डेटा सेंटरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. तिथल्या मंडळाला तिने व्हिडिओ दाखवला. व्हिडिओत टाळ्याच दोन मिनिटं होत्या. त्यांनी बोलावलं. नवरा पुन्हा तालमीला लागला, त्या पोरीने सुट्टी टाकली. मला घाम फुटला. अ‍ॅशबर्नमध्ये माझं कोणी नव्हतं. तिथे कुणाच्या गाठी मी पाहिल्या नव्हत्या.

एप्रिलमध्ये एका रविवारी आम्ही त्या माझ्या लगेच रडणाऱ्या मैत्रिणीकडे जेवायला गेलो होतो. जेवणानंतर तिने नातवावर केलेली कविता वाचून दाखवली. साधी बाई, साधी कविता. सगळे 'वा' म्हणाले. नवरा म्हणाला, "वहिनी, राग मानू नका, पण याला कविता म्हणत नाहीत. यमकं जुळली म्हणजे कविता होत नाही." तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती कागद घडी करून डब्यांच्या शेजारी ठेवायला गेली ती बराच वेळ किचनमधून बाहेर आली नाही. त्या बाईने माझ्या एका फोनवर पहिल्या रांगेत बसून डोळे पुसले होते.

परतताना मी ड्राइव्ह करत होते.

"काय गरज होती तिला तसं बोलायची?" मी म्हटलं.

"मग काय, खोटं कौतुक करू?" तो म्हणाला. "खोटं कौतुक म्हणजे अपमान असतो माणसाचा. मला कोणी तसं केलं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं. तुला नाही कळायचं. तू जन्मभर मेलेल्या पेशी बघितल्यास."

मी सिग्नल देऊन एका औषधांच्या दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये वळले. दोन रेषांच्या मधोमध नीट गाडी लावली. इंजिन बंद केलं. मुलीला मी नंतर सांगितलं की रागाच्या भरात बोलून गेले. ते खरं नाही. रागाच्या भरात माणूस गाडी नीट पार्क करत नाही.

"त्या टाळ्या मी वाजवायला लावल्या होत्या," मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. मग मी समजावून सांगितलं. आमच्या पॅथॉलॉजीत रिपोर्ट लिहायची एक पद्धत असते, आधी काय आलं, किती आलं, मग कापल्यावर काय दिसलं. तसं सांगितलं. कुणाला कुठल्या दिवशी फोन केला. कोण काय म्हणालं. कुणी विचारलं, 'किती वेळ वाजवायच्या?' कोण म्हणालं, 'मावशी, त्याऐवजी दोन दिवस डबा पाठवते, चालेल का?' हे शेवटचं कोणी म्हटलं नव्हतं. ते मी तिथल्या तिथे रचलं, चांगलं लागेल म्हणून. आणि लागलं. मी बघत होते ना. बायोप्सीची सुई बरोबर जागी गेली की हाताला कळतं, तसं मला कळलं. आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तो समोरच्या काचेतून बघत होता. दुकानातून एक बाई टॉयलेट पेपरचा मोठा गठ्ठा घेऊन बाहेर आली, गाडीत बसून निघून गेली. मग त्याने विचारलं.

"त्या मुलीलाही माहीत होतं? माझ्याबरोबर काम करणाऱ्या?"

"तिच्या आईला फोन केला होता." हे खरं होतं.

"सगळेच?"

"सगळे."

मग तो माझ्याकडे वळला. अगदी हळू विचारलं. "काका पण?"

इथे मला थांबता आलं असतं. एक 'नाही' म्हणायचं होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला ते किचनमध्ये गेलेल्या मैत्रिणीचं पांढरं तोंड दिसलं, मेलेल्या पेशी ऐकू आल्या, सहा वर्षांचे पाव्हण्याचे घास दिसले, आणि मी म्हटलं, "ते पण."

काका जाऊन दोन महिने झाले होते. त्यांना विचारायची सोय नव्हती.

तो म्हणाला, "बरं. चल घरी." मी गाडी सुरू केली.

त्याने आदळआपट केली नाही. अ‍ॅशबर्न कॅन्सल केलं, मंडळाला मेल लिहिली की तब्येत बरी नाही. त्या पोरीला घरी बोलावून चहा दिला, थँक यू म्हणाला, तिच्या नाटकाच्या कागदांची फाइल तिला भेट दिली. ती बिचारी दारात उभी राहून 'बट काका, व्हाय?' विचारत होती. मुलीचा मला फोन आला, 'मॉम, व्हॉट डिड यू से टू हिम?' मी म्हटलं, काही नाही, रागाच्या भरात बोलले. ज्या मैत्रिणीच्या कवितेला त्याने नावं ठेवली होती तिच्या घरी जाऊन त्याने माफी मागितली. तिने रडत रडत सांगितलं की भावजी, मला तुमचं नाटक खरंच फार आवडलं होतं, मला सांगितलं नसतं तरी मी रडलेच असते. तो म्हणाला, "तुम्ही फार चांगल्या आहात, वहिनी." घरी येऊन मलाही तेच सांगितलं, की चांगली माणसं आहेत आपली. उपहासाने नाही. ते ऐकून मला जे झालं ते उपहासाने झालं नसतं.

तो आता माझ्याशी फार नीट वागतो. मंडळातले लोक एकमेकांशी वागतात तसा. भाजी छान झालीय म्हणतो. साडी छान दिसतेय म्हणतो. मी मुद्दाम एकदा आमटीत मीठ घातलं नाही, तरी म्हणाला छान आहे. मी पान आपटलं आणि ओरडले, "अरे, अळणी आहे ती! शिव्या दे मला!" तो उठला, मीठ आणलं, माझ्या वाटीत घातलं आणि म्हणाला, "आता बघ."

परवा दुपारी तो कांदा चिरत होता. मी डायनिंग टेबलाशी बसले होते. गेले कित्येक दिवस जे सांगायचं राहत होतं ते मी बोलून टाकलं.

"मला तुझं नाटक आवडलं होतं. त्या मापाच्या वेळी मी रडले होते. म्हणून तर मी उठायची विसरले."

"थँक यू हं," तो म्हणाला. सुरी चालू होती.

"आणि ऐक. काकांना मी फोन केला नव्हता. ते आपणहून उठले होते, माझ्या आधी, सगळ्यांच्या आधी. त्यांना का उठावंसं वाटलं ते तुला माहीतच आहे. त्या दिवशी गाडीत मी तुला खोटं सांगितलं."

त्याने सुरी खाली ठेवली. माझ्याकडे वळून नीट बघितलं, आणि मला क्षणभर वाटलं, बसलं, पोचलं एकदाचं.

"बरं," तो म्हणाला.

"बरं काय? अरे, मी खरं सांगतेय तुला!"

"हो," तो म्हणाला. "त्या दिवशीही तू खरंच सांगत होतीस."

मग त्याने विचारलं, कांदा एवढा पुरे का आणखी एक चिरू. मी म्हटलं, पुरे.